पलुपीचे तीन शतांश

पलुपी माझ्याकडे राहायला आली तेव्हा तिच्या हातात तळलेल्या नाकतोड्यांची बरणी होती. "आईने पाठवलेत, बू रातिहसाठी," असं म्हणून तिने ती दोन्ही हातांनी पुढे केली. इथे मोठ्या बाईला बू म्हणतात, पुरुषाला पाक, तरुण पोरीला म्बाक. मी सुराबायाची, समुद्राकाठची. मासा खाईन, शिंपलं खाईन, पण नाकतोडे? बरणी फडताळात ठेवली आणि म्हटलं, "आईला सांग, फार आवडले." मग काय, वर्षाला चार बरण्या येऊ लागल्या. भोगा आपल्या कर्माची फळं.

असलं गोड खोटं मला माझ्या नवऱ्याने शिकवलं. तो इथला, या योग्या शहरातला. हे घर त्याने स्वतः बांधलं. मागच्या आठ खोल्यांची वीट न् वीट त्याच्या हातची. पण कुणी विचारलं, "पाक, घर तुम्ही बांधलंत?" तर मान खाली घालून म्हणायचा, "झालं आपलं कसंतरी." जसं काही घर रात्रीतून भुईछत्रीसारखं उगवलं. मी चिडायचे. आमच्या सुराबायाला माणसाने नुसती भिंत रंगवली तरी गल्लीभर सांगत सुटतो. इथे उलट. इथे स्वतःबद्दल चांगलं बोलणं म्हणजे लोकांसमोर ढेकर देण्यासारखं. तो गेला, मुलगा बाताम बेटावर जहाजं जोडायला गेला, आणि मी त्या आठ खोल्या कॉलेजच्या मुलींना भाड्याने देऊन राहिले. मुली येतात, चार-पाच वर्षं राहतात, पदवीचा काळा झगा घालून अंगणात फोटो काढतात आणि जातात. पलुपीनेही काढला फोटो. पण ती गेली नाही.

ती गुनुंगकिदुलची. योग्याहून दोनेक तासांवरचा चुनखडीचा डोंगराळ मुलूख. पाऊस चिक्कार पडतो तिथे, पण जमिनीला चाळणीसारखी भोकं. सगळं पाणी खाली जातं, आणि वर नुसते कोरडे दगड. तिच्या घराजवळ असाच एक खड्डा होता, विहिरीपेक्षा रुंद, तळ न दिसणारा. लहानपणी ती त्याच्या काठावर पालथी पडून कान लावायची. खाली नदी वाहताना ऐकू यायची. आणि मागे, रस्त्यावर, तिची आई दोन बादल्या घेऊन टँकरची वाट बघत उभी असायची. "बू, खाली पाणी वाहतंय आणि वर आम्ही रांगेत," ती मला सांगायची. "मला एवढंच कळून घ्यायचंय की ते जातं कुठे." एवढ्यासाठी ती भूगोल शिकायला आली होती. दुसऱ्या मुली नोकरी मिळेल म्हणून येतात, नवरा मिळेल म्हणून येतात. ही पाणी शोधायला आली.

हुशार होती का? होती, पण कॉलेजला लागते त्या तऱ्हेची नाही. डोंगर पाठ, दगड पाठ, पण गणितात आडवी. पहिल्यांदा नापास, दुसऱ्यांदा नापास, तिसऱ्यांदा कशीबशी सुटली. आणखी एक सत्र थांबून ते गणित पुन्हा दिलं असतं तर सरासरी वर गेली असती. तिच्या सरांनी सांगितलंही होतं. पण घरी बापाला भिंतीवर झग्यातला फोटो हवा होता, आजोबा अंथरुणाला खिळलेले, त्यांना दाखवायचा होता. तिने पदवी घेऊन टाकली. चारपैकी सरासरी दोन पॉइंट सत्त्याण्णव.

आणि पुढच्या पदवीला, मास्टर्सला, सगळीकडे लिहिलेलं: किमान तीन.

मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी हसले होते. "तीन शतांश? अगं, माझ्या तांदळात याहून जास्त खडे निघतात. जाऊन सांग त्यांना." ती गेलीही बिचारी. खिडकीतला माणूस म्हणाला, "म्बाक, माझं काही नाही हो, पण कॉम्प्युटरच पुढे जाऊ देत नाही." परत येऊन ती अंगणातल्या कठड्यावर बसली. जेवलीस का विचारलं तर म्हणाली, जेवले. जेवली नव्हती, मला पातेलं दिसत होतं.

मग तिने पाक मुर्योनोंकडे काम धरलं. हे तिचे जुने सर, गुहांमधल्या पाण्याचा अभ्यास करणारे. चांगला माणूस, मऊ आवाजाचा, घरी पिंजऱ्यात पक्षी पाळणारा. पलुपी त्यांची मदतनीस. दोरावरून भुयारात उतरायचं, पाण्याचे नमुने भरायचे, चिखलात लडबडून परत यायचं. तिचे कपडे मी माझ्या मशीनमध्ये टाकू द्यायचे नाही, आधी नळाखाली झोडप म्हणायचे. हे पाणी कुठे जातं ते शोधायची त्यांची एक युक्ती असते. खड्ड्यात हिरवा रंग ओततात आणि आजूबाजूच्या सगळ्या झऱ्यांमध्ये कोळशाच्या पुरचुंड्या बांधून ठेवतात. ज्या पुरचुंडीत रंग सापडेल, तिकडे पाणी गेलं. सगळे म्हणत होते, पलुपीच्या गावचं पाणी दक्षिणेला, समुद्राला जातं. नकाशे तसे, आधीच्या लोकांनी लिहिलेलं तसं. सगळ्या पुरचुंड्या दक्षिणेला बांधल्या. पलुपीने एक जास्तीची बांधली, पूर्वेला, बायका कपडे धुतात त्या एका किरकोळ झऱ्यात. लहानपणी तिने पाहिलं होतं की मोठा पाऊस झाला की त्या झऱ्यातून सागाची पानं बाहेर येतात, आणि त्या अंगाला साग नाहीच. साग तिच्या गावी, खड्ड्याच्या काठावर.

दक्षिणेच्या सगळ्या पुरचुंड्या कोऱ्या निघाल्या. पूर्वेची हिरवी.

त्या दिवशी ती घरी आली ती धावतच. माझे दोन्ही हात धरले. तिच्या नखांत अजून कोळसा होता. "पूर्वेला जातं, बू. पूर्वेला." मला काय कळणार पूर्व आणि दक्षिण, पण मी तिला इतकी सुंदर कधी पाहिली नव्हती. मी म्हटलं, "तू शोधलंस?" तर लगेच हात सोडून म्हणाली, "नाही नाही, पाक मुर्योनोंचं काम आहे. मी आपली पुरचुंडी बांधली." झालं. माझा नवरा पुन्हा जन्माला आला म्हणायचं.

अशी वर्षं गेली. खोल्यांमधून नव्या मुली येत राहिल्या. पलुपी त्यांना आकडेमोड शिकवायची. हो, तेच गणित. भुयारात वाकून पाणी मोजताना तिला ते उमगलं होतं, वर्गात जे उमगलं नाही ते. मुली तिला म्बाक म्हणायच्या, मोठी बहीण, आणि पुढे निघून जायच्या. कुणी जाकार्ताला, कुणी थेट नेदरलँडला. त्यांच्या बॅगा बांधायला पलुपीच. ओझं किती होतं ते काट्यावर बघायला पलुपीच. रिक्षा वळणावरून दिसेनाशी झाली की ती दारात थोडा वेळ तशीच उभी राहायची, हात दाराच्या कडीवर ठेवून. मी आतून बघायचे. तिला हेवा नव्हता, एवढं मी छातीठोक सांगते. तहान होती. कुठल्या विद्यापीठाचे अर्ज कधी उघडतात, कधी बंद होतात, सगळं तिला तोंडपाठ, जिथे तिला पाऊल ठेवता येत नव्हतं तिथलंसुद्धा. ते महिने आले की पोरगी जेवताना घास हातात धरून बसायची.

आई दर शुक्रवारी फोन करायची. "ये आता घरी. किती शिकशील? शाळेत मास्तरीण हो." पलुपी हो हो म्हणायची. एकदा फोन ठेवून मला म्हणाली, "आईला वाटतं मी शिकतेच आहे अजून. कसं सांगू, की मी दाराशी उभी आहे?"

मी तिच्यापुढे ताट सरकवलं. काय बोलणार? मला पोरगी नाही. ती दाराशी उभी होती म्हणून माझ्या घरात होती. हे मला कळत होतं आणि आवडतही होतं. आणि आवडतंय म्हणून लाजही वाटत होती.

ती चौतीस वर्षांची झाली त्या साली पाक मुर्योनो एक बातमी घेऊन आले. बांडुंगच्या एका विभागात नवा नियम झाला होता. तीनपेक्षा कमी असलं तरी अर्ज करता येईल, दोन अटींवर. एखाद्या जाणत्या प्राध्यापकाने सहमार्गदर्शक व्हायला हवं, आणि पूर्ण समितीपुढे मुलाखत द्यायला हवी. शिष्यवृत्तीही होती, पण पस्तिशीच्या आतल्यांना. म्हणजे पलुपीला हेच एक वर्ष. पाक मुर्योनो म्हणाले, "मी उभा राहीन." एवढंच म्हणाले आणि माझ्या फणसाच्या झाडावरच्या पक्ष्याची चौकशी करू लागले.

मुलाखत लॅपटॉपवर होणार होती. इंटरनेट माझ्या बैठकीतच नीट चालतं, तेव्हा बैठक तिला दिली. आणि तयारी मी घेतली. मी चौथी शिकलेली बाई, पण माणसाला बोलतं कसं करायचं ते मला कळतं. संध्याकाळी ती सोयाबीनचे तेंपे कापायची, मी तळायचे, आणि मी समिती व्हायचे.

"हं, म्बाक पलुपी. तो पूर्वेचा झरा कुणी शोधला?"

"पाक मुर्योनोंच्या मार्गदर्शनाखाली आमच्या गटाने…"

"गट गेला खड्ड्यात. कुणी शोधला?"

"आम्ही."

"आम्ही म्हणजे कोण? तू आणि तुझी पुरचुंडी?"

ती हसायची. मी झारा रोखायचे. "म्हण, मी शोधला."

"बू, असं कसं म्हणायचं?"

"तोंडाने म्हणायचं. जेवायला तेंपे हवे असतील तर म्हण."

तिने शेवटी म्हटलं. कढईकडे बघत, चोरासारखं, पण म्हटलं, "मी शोधला." मी सगळ्यात मोठा तुकडा तिच्या ताटात टाकला. आणि टाकताना मनात आलं, ही हे नीट बोलली तर बांडुंगला जाईल. बांडुंग म्हणजे आगगाडीचा आख्खा दिवस. पण मी झारा ठेवला नाही. पुन्हा विचारलं, "हं, म्बाक पलुपी. कुणी शोधला?"

मुलाखतीच्या दिवशी तिने माझा निळा बाटिक घातला. मी बैठक आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या पडद्याआड स्टूल टाकून बसले. कुणी बस म्हटलं नव्हतं, पण घर माझं आहे. समितीच्या प्रमुख होत्या बू तिउर्मा. उत्तर सुमात्राच्या बाई, बटाक. त्या लोकांचा आवाज दगडावर दगड आपटल्यासारखा आणि बोलणं एक घाव दोन तुकडे. मला ती बाई ऐकताक्षणी आवडली.

"गणितात तीनदा बसलात. का?"

"मला समजत नव्हतं, बू."

"आता?"

"आता समजतं."

"बरं. हा पूर्वेचा झरा महत्त्वाचा आहे. आमच्या इथे सगळ्यांनी वाचलंय त्याबद्दल. तिथे पुरचुंडी बांधायचं कुणाला सुचलं?"

मी पडद्याआड स्टूल पुढे सरकवलं. आणि तेवढ्यात त्या लॅपटॉपमधून एक ओळखीचं खाकरणं ऐकू आलं. पाक मुर्योनो. सहमार्गदर्शक म्हणून तेही समोर बसलेले. तिचे सर. त्यांच्या तोंडावर, चार लोकांदेखत, ही म्हणणार की तुम्हाला सुचलं नाही, मला सुचलं? मी पडद्याच्या फटीतून तिची मान बघितली. मान खाली जात होती.

"पाक मुर्योनोंचं काम आहे ते, बू," ती म्हणाली. "आणि गावातल्या बायकांनी झरा दाखवला. मी फक्त सामान वाहिलं."

बू तिउर्मा म्हणाल्या, "फक्त सामान?"

"हो, बू."

आणि पाक मुर्योनो? चूप. एक शब्द नाही. मला वाटलं आता बोलतील, आता बोलतील. तेही मान खाली घालून बसलेले असणार, दुसरं काय. मी स्टूलावर बसल्या बसल्या ओढणीचं टोक दातांत धरलं, नाहीतर पडदा फाडून बाहेर आले असते.

निकाल आला: नाही. कारण लिहिलेलं की उमेदवाराचा संशोधनातला स्वतःचा वाटा स्पष्ट होत नाही. पलुपीने मला वाचून दाखवलं आणि म्हणाली, "बरोबरच आहे त्यांचं." मग खोलीत गेली. तिच्या खोलीचं दार कधी बंद नसायचं, त्या दिवशी होतं. मी दाराबाहेर ताट ठेवलं, संध्याकाळी उचललं. वरचा भात वाळला होता. मुली चवड्यांवर चालत होत्या. मी नुसती इकडून तिकडे फिरत राहिले. माझं काही चुकलं नव्हतं, तिचं काही चुकलं नव्हतं, आणि आमच्या घरात कुणी मेल्यासारखं झालं होतं.

आठवड्याने पाक मुर्योनो केळ्यांचा घड घेऊन आले. पलुपी बाहेर गेली होती. चहा दिला. ते उन्हाबद्दल बोलले. मग पक्ष्यांबद्दल. मग माझ्या मुलाबद्दल, बातामला उकाडा असतो का. इथे माफी अशीच मागतात. केळी आणायची, तासभर हवेबद्दल बोलायचं आणि उठायचं. दोघांनाही कळतं आणि कुणी काही म्हणत नाही. माझा नवरा असता तर त्यानेही घड उचलून आत नेला असता आणि विषय मिटला असता.

मी म्हटलं, "पाक, उन्हाचं राहू द्या. तुम्ही तिथे बसला होतात."

त्यांनी कप खाली ठेवला.

"पुरचुंडी तिची, डोकं तिचं. तुम्हाला माहीत होतं. तोंडाला काय झालं होतं?"

"बू," ते फार हळू म्हणाले, "ती माझ्या हाताखाली वाढलेली. तिचं कौतुक करणं म्हणजे माझंच मी केल्यासारखं. मी वाट बघत होतो की ती सांगेल."

"ती तुमच्या तोंडावर सांगेल? तुम्ही शिकवलीत तिला. सांगेल का?"

त्यांनी केळ्यांचा घड थोडा माझ्याकडे सरकवला.

"ती तुमचा मान राखत बसली, तुम्ही तुमचा. दोघांचेही मान राहिले. पोरीचं वर्ष गेलं. आणि तिला दुसरं वर्ष नाही."

हे बोलताना माझा आवाज फाटला. सगळं रागाने नाही. मला माहीत होतं, मी गप्प बसले असते तर पलुपी इथेच राहिली असती. मागच्या खोलीत, माझ्या हाकेच्या अंतरावर, मी म्हातारी होईपर्यंत. मी बोलत होते ते तिला घरातून घालवण्यासाठी बोलत होते. तरी बोलले. तिला दारात कडी धरून उभी राहिलेली मी फार वर्षं पाहिली होती.

पाक मुर्योनोंनी चहा पूर्ण संपवला. इथे तळाला घोटभर ठेवतात, त्यांनी ठेवला नाही. उठले, आणि जाताना चपला उलट्या पायांत घातल्या.

त्यांनी बांडुंगला फोन केला. नंतर त्यांनीच मला सांगितलं. बू तिउर्मा म्हणाल्या, "तुमची शिफारस मला नको, पाक. दुसरी फेरी दोन महिन्यांनी आहे, तेव्हा तिचा वाढदिवस व्हायचा असेल तर अर्ज करू दे. तिचं तिने सांगावं. आणि त्या दिवशी तुम्ही समितीत नसाल." वाढदिवस फेरीनंतर दहा दिवसांनी होता. पाक मुर्योनोंनी तर कहर केला. मुलाखतीच्या दिवशी ते नातेवाइकांकडे सोलोला जाऊन बसले आणि फोन घरी ठेवला, म्हणजे चुकूनही खाकरायला नको.

पलुपी मात्र अर्ज करायलाच तयार नव्हती. "पुन्हा तेच विचारतील, बू. आणि मी पुन्हा तेच म्हणेन. माझ्या तोंडातून निघत नाही हो." मी म्हटलं, "मग खड्ड्यापाशी जाऊन ये." म्हटलं आपलं रागाने. ती खरंच गेली. दोन दिवस गावी राहिली. परत आली तेव्हा बरणी होतीच, पण चेहरा वेगळा. "आई अजून रांगेत उभी राहते," एवढंच म्हणाली, आणि अर्ज भरायला बसली.

दुसऱ्या मुलाखतीला पुन्हा मी पडद्याआड. या वेळी हातात झारा, कारण कढई चढवली होती, हाताला काहीतरी हवं होतं.

बू तिउर्मांनी इकडचं तिकडचं काही विचारलंच नाही. "मागच्या वेळी म्हणालात, फक्त सामान वाहिलं. पूर्वेच्या झऱ्याची कल्पना कुणाची?"

कढईतलं तेल तडतडत होतं ते मला भोंग्यासारखं वाटत होतं. पलुपीने दोन्ही हात मांडीखाली घेतले, लहान मुलं घेतात तसे.

"माझी," ती म्हणाली.

आणि लगेच, "माफ करा."

बू तिउर्मा हसल्या. असं खणखणीत हसणं माझ्या बैठकीत बऱ्याच वर्षांनी ऐकलं. "माफ केलं. आता सांगा कशी सुचली." आणि मग पलुपी बोलली. सागाची पानं, कपडे धुणाऱ्या बायका, खड्ड्याला लावलेला कान, टँकर, बादल्या, सगळं. तिला गणितातलं विचारलं तर तेही सांगितलं, आकडे घेऊन. मला त्यातलं निम्मं कळलं नाही. पण एकही "आम्ही" मला ऐकू आला नाही, आणि मी कान देऊन ऐकत होते.

शेवटी बू तिउर्मा म्हणाल्या, "एक विचारू? मघापासून तुमच्या मागे पडद्याखाली दोन पाय दिसताहेत."

मेले. पळून जाणार कुठे? पडदा सारून बाहेर आले, झारा हातात तसाच. लॅपटॉपवर चार चेहरे माझ्याकडे बघताहेत.

"तुमच्या आई का?" बू तिउर्मांनी पलुपीला विचारलं.

आणि मी, सुराबायाची रातिह, जिने आयुष्यभर या माणसांच्या मानेला धरून हलवलं, बोला, बोला म्हणून, त्या मीच मान खाली घातली. "छे हो, मी कुणी नाही," मी म्हटलं. "घरमालकीण. खोली भाड्याने दिलीये हिला, बस्स."

पलुपी खुर्चीतून वळली. माझ्याकडे बघितलं, मग परत लॅपटॉपकडे.

"खोटं बोलतायत त्या," ती म्हणाली. "माझी आई गावी आहे. या माझ्या इथल्या आई आहेत. आज मी जे बोलले ते बोलायला यांनी शिकवलं."

या वेळी तिने माफी मागितली नाही.

मी आत गेले. तेंपे कोळसा झाले होते. मी गॅस बंद केला, ओट्याला टेकून उभी राहिले आणि रडले. आनंदाने का दुःखाने ते विचारू नका. सोळा वर्षं ही मला हा शब्द म्हणेल म्हणून मी वाट बघत होते, आणि म्हटला तो अशा दिवशी की ज्या दिवशी ती जाणार हे मला कळलं.

हो, घेतलं तिला. दोन पॉइंट सत्त्याण्णववालीलाच घेतलं. सकाळच्या गाडीने गेली. सगळ्यांच्या बॅगा पलुपीने बांधल्या, तिची मी बांधली, वाईट बांधली, चेन बसेना. स्टेशनवर पाक मुर्योनो आले होते, त्यांनी तिला कोळशाच्या पुरचुंड्यांचं एक पाकीट दिलं आणि उन्हाबद्दल बोलले.

आता शुक्रवारी ती दोन फोन करते, एक गावी, एक इथे. विचारते, "जेवलात, बू?" मी म्हणते, जेवले. पाऊस आहे का? आहे. मुली कशा आहेत? धिंगाणा घालतात. मग दोघी गप्प. एवढ्यात फोन ठेवायची वेळ येते. परवाच्या शुक्रवारी मी म्हटलं, थांब, ठेवू नकोस. ती थांबली. मी म्हटलं, "मला तुझी आठवण येते. फार येते. तू मागच्या खोलीत असायला हवी होतीस असं मला रोज वाटतं. परत ये म्हणत नाहीये मी. येऊ नकोस. पण वाटतं."

मग ती म्हणाली, "आज जेवला नाहीत ना तुम्ही?"

नव्हते जेवले. "नाही," मी म्हटलं.

"मग आधी जेवा," ती म्हणाली. "मी धरते फोन."

मी ताट वाढून घेतलं आणि फोन समोर ठेवून जेवले. ती तिकडे गप्प बसून होती.